धुराड्याचा हिशोब

मोहननगरातलं घर दाखवताना दलाल
एकाच भिंतीपुढे पाठ करून उभा राहिला,
शर्टावरचा डाग लपवावा तसा.
तो हलला तेव्हा दिसली :
फायरप्लेस.
अंगावर गुलाबी ऑइल पेंट, दोन फरशा फुटलेल्या,
पोटात रिकामा सिलिंडर
आणि दगड झालेली अर्धी पोतं सिमेंट.

सत्तेचाळीस डिग्रीच्या गावात
भिंतीत शेगडी!
रत्नघोषचे काका हसता हसता खोकले,
"बाप्पा, मे महिन्यात अख्खं नागपूर भट्टी असते,
तुम्हाले घरात अजून एक पाह्यजे?"

सल्ले फुकट होते.
प्लाय ठोका. टीव्ही लावा. कपाट करा.
एका इंटिरिअरवाल्याने मोबाइलवर
विजेवर चालणारी ज्वाळा दाखवली,
जिला ऊब नव्हती, किंमत होती :
पंच्याऐंशी हजार.

आमच्याकडे अकरा होते.
माझ्या नाइट ड्युट्यांचे, हप्ता जाऊन उरलेले.

नेवारे मिस्त्री आले, काही बोलले नाहीत.
डोकं आत घातलं, बराच वेळ
बाहेर नुसत्या टाचा.
मग उकिडवे बसून त्यांनी बिडी पेटवली.
मी ओरडणार होते, घरात बिडी!
पण धूर इकडेतिकडे गेलाच नाही,
थोडा वाकला, आणि कुणी नावाने हाक मारल्यासारखा
आत शिरून वर निघून गेला.
"काहून बुजवता बाई? जिता आहे हा.
उन्हाळ्यात कुलरची हवा कुठून काढसान?"
हे दुसरं वाक्य मी ऐकलं,
पण कानावर घेतलं नाही.

कॉस्टिक सोडा, तारेचे ब्रश, जुने हातमोजे.
गुलाबीखाली पोपटी निघाला,
पोपटीखाली तो पांढरा, जो मी ओळखला
कारण आमच्या वॉर्डाच्या भिंती त्याच रंगाच्या.
त्याखाली वीट.
धुराड्यातून दोन पोती काजळी, साळुंकीचं घरटं,
एक शटलकॉक, पिसं जळून गेलेलं.

डावीकडच्या तिसऱ्या थरात एका विटेवर
ओल्या मातीत उठलेली चार बोटं.
मी माझी ठेवून पाहिली.
माझ्यापेक्षा लहान.
बंगला बांधणाऱ्या साहेबाचं नाव
कुठे कोरलेलं नव्हतं.
ती वीट आम्ही रंगवली नाही.

इतवारीतून जुन्या दाराची सागवानी फळी आणली,
कडीचं भोक तसंच ठेवून.
खाली लाल ऑक्साइड, मिस्त्रींनी तीनदा घोटलेला,
इतका की रत्नघोष त्यात वाकून
भांग पाडायला लागला.
फळीवर दीक्षाभूमीच्या बाहेरून घेतलेली
वीतभर बुद्धमूर्ती, आणि लाइट बिलं.

एकूण अकरा हजार सहाशे.
वरचे सहाशे रत्नघोषच्या पेट्रोलमधून :
पंधरा दिवस तो सायकलवर गेला
आणि तब्येतीसाठी जातो असं सांगत राहिला.

डिसेंबरात पारा आठवर.
ड्युटीवरून पहाटे आले तर
तीन काटक्या, वाळलेल्या संत्र्याच्या साली,
साली तडतडत, निळसर पेटत,
आणि सगळ्यात पुढे, पाय पसरून, काका.
"थोडं सरका," मी म्हटलं.
ते सरकले नाहीत.

मग मे आला.
शेजारी कुलर लावून लोक चिकट झाले,
मीठ पाझरलं, पापड वातड.
आमच्याकडे हवा खिडकीतून येई, खोलीभर फिरे,
आणि विझलेल्या त्या तोंडातून
मुकाट वर निघून जाई.
फळीवरची बिलं
दिवसभर फडफडत.

तेव्हा ते दुसरं वाक्य आठवलं.
फोन लावला. "मिस्त्री,
हिशोबात तुमची बिडी धरायची राहिली."
पलीकडे कुठेतरी ग्राइंडर चालू होता.
"राहू द्या बाई," ते ओरडले,
"ते चेकिंग होतं."

तरी वहीच्या शेवटच्या ओळीत
मी लिहून ठेवलंय :
बिडी, एक नग.